अंथरुणातून भिंतीवर: जीज बेंडच्या गोधड्या

1942 साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मिसूरी पेट्वे नावाच्या बाईचा नवरा वारला. घरात त्याचे शेतावर घालायचे कपडे उरले. विजारी, सदरे, उन्हाने विटलेले, गुडघ्यावर झिजलेले. मिसूरी लेकीला म्हणाली, त्याचे कामाचे कपडे घेते, त्यांची गोधडी करते, त्याची आठवण राहील, आणि मायेपोटी तीच पांघरून निजेन. लेक आर्लोंझिया हिने कपडे फाडायला हात लावला. पुढे म्हातारपणी तिनेच ही हकिगत सांगितली, म्हणून आपल्याला कळली. ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

दुःखात पांघरायला शिवलेली गोधडी जगातल्या मोठमोठ्या चित्रांच्या पंक्तीला कशी जाऊन बसली, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण त्यात गुलामगिरी आहे, सावकारी आहे, मतदानाचा हक्क आहे, बाजार आहे, कोर्टकचेरीही आहे. आणि ‘कला म्हणजे काय’ हा प्रश्न तर आहेच. मधला मोठा टप्पा म्हणजे 2002 सालचं एक प्रदर्शन. आधी ह्यूस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात सुमारे 40 कृष्णवर्णीय बायकांनी शिवलेल्या 60-70 गोधड्या भिंतींवर टांगल्या गेल्या. या साऱ्या बायका एकाच गावच्या होत्या. गावाचं नाव जीज बेंड.

नदीच्या वळणातलं गाव

अलाबामा नदी इथे घोड्याच्या नालेसारखी वळते आणि तीन बाजूंनी गावाला वेढा घालते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोसेफ जी नावाच्या गोऱ्या जमीनदाराने इथे कापसाचा मळा काढला. त्याच्यावरून जीज बेंड, म्हणजे जीचं वळण. 1845 मध्ये हा मळा मार्क पेट्वे याच्या ताब्यात गेला. त्याने नॉर्थ कॅरोलायनातून शंभरेक गुलाम आणले, तेही पायी चालवत. आज गावात बरेच लोक पेट्वे आडनावाचे भेटतील. एकमेकांचे नातेवाईक नसलेलेही पेट्वेच, कारण ते आडनाव गुलामांच्या मालकाचं. या लेखात पेट्वे पुन्हा पुन्हा येणार आहेत, त्यामागे हे आहे.

गुलामगिरी संपली तरी जमीन मिळाली नाही. लोक त्याच मळ्यावर वाट्याने कापूस पिकवू लागले. आता यातलं गणित आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं समजवावं लागणार नाही. बी-बियाणं, खत, मीठ-पीठ सगळं नदीपलीकडच्या कॅम्डेन गावातल्या व्यापाऱ्याकडून उधार घ्यायचं आणि कापूस निघाला की फेडायचं. भाव पडला की कर्ज पुढच्या सालावर. 1932 मध्ये असाच एक व्यापारी मेला आणि त्याच्या विधवेने वसुली काढली. माणसं घरांत शिरली आणि गुरं, अवजारं, साठवलेला मका, हाताला लागेल ते घेऊन गेली. त्या हिवाळ्यात गाव रेड क्रॉसच्या शिध्यावर जगलं.

याच काळात, 1937 मध्ये, सरकारने आर्थर रॉथस्टीन या छायाचित्रकाराला तिकडे पाठवलं. त्याचे फोटो आजही पाहायला मिळतात. ओंडक्यांची घरं, आणि आतून भिंतींना पिठाच्या खळीने चिकटवलेली वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं. फटींतून वारा येऊ नये म्हणून हा कागद. पलंगावर थराथराने गोधड्या. त्या घरांतली थंडी डोळ्यांपुढे आणली की कळतं, बाईने वर्षाला दोन-चार गोधड्या शिवल्या नाहीत तर पोरं काकडतील. जीज बेंडच्या कलेची सुरुवात या गरजेतून झाली. हे विसरून नुसती रंगसंगती पाहिली तर निम्मं हातचं जातं.

पुढे सरकारने मळा विकत घेतला आणि स्वस्त कर्जाने जमिनी व घरं लोकांना दिली. ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली. दक्षिणेतल्या इतर ठिकाणांहून कृष्णवर्णीय कुटुंबं शहरांकडे निघून गेली. इथे मात्र स्वतःची जमीन असल्याने बरीच माणसं राहिली. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे शिवण चालत राहिलं आणि त्याला बाहेरचं वारं फारसं लागलं नाही.

गोधडी आणि त्यांचं क्विल्ट

त्यांच्याकडे याला क्विल्ट म्हणतात. मी गोधडी म्हणते, कारण बांधणी तीच आहे: वरचा पदर, मधला थर, खालचं अस्तर, आणि तिन्हींतून आरपार जाणारा धावदोरा. फरक मधल्या थरात. आपल्याकडे जुनेर लुगडी एकावर एक घालतात. जीज बेंडमध्ये मधे कापूस भरायचे. जिनिंगच्या जमिनीवर सांडलेला, कचऱ्याचा कापूस झाडून आणायचा, काठीने बडवून साफ करायचा आणि पसरायचा. अस्तराला खताची आणि पिठाची पोती उसवून धुवून लावायची.

कामाचे दोन भाग आहेत. पहिला, तुकडे जोडून वरचा पदर तयार करणं. हे काम बाई बहुधा एकटीने करते, रात्री, पोरं निजल्यावर. दुसरा, तिन्ही थर एकत्र टाचणं. त्याला चार-सहा जणी जमतात, गाणी म्हणतात, देवाचं नाव घेतात. म्हणजे टाक्यांवर अनेकींचा हात फिरलेला असतो, पण आकृती एकीची असते. प्रदर्शनात नाव लिहायची वेळ आली तेव्हा याचाच आधार घेतला गेला.

आता आकृतीबद्दल, कारण खरं नवल तिथे आहे. जीज बेंडमध्ये ‘हाउसटॉप’ नावाची एक ठेवण फार चालते. मधे एक चौकोन घ्यायचा, त्याच्या चारी बाजूंना पट्ट्या जोडायच्या, पुन्हा पट्ट्या, पुन्हा पट्ट्या, चौकोनाभोवती चौकोन वाढत जातो. वरून पाहिलेल्या घराच्या छपरासारखं दिसतं. वाचायला अगदी सोपं वाटतं. पण एक बाई तिसऱ्या फेऱ्याला एक बाजू मुद्दाम रुंद ठेवते आणि सगळा चौकोन हलल्यासारखा होतो. दुसरी पंधरा निळ्या पट्ट्यांनंतर एकच लाल लावते. तिसरीचं कापड संपतं, तिथे ती वेगळंच काही जोडते, आणि ती तडजोड त्या गोधडीचा प्राण होऊन बसते.

आपल्या गाण्यातली बढत आठवावी. राग ठरलेला, बंदिश ठरलेली, तरी प्रत्येक गायिका आपल्या वाटेने जाते आणि जाणकार डोळे मिटून सांगतो, ही अमकी. हाउसटॉपचं तसंच आहे. आणि ज्या गोधडीला कुठलीच ठरलेली ठेवण नसते, तिला गावातल्या बायका म्हणतात ‘माय वे’, माझी रीत. छापील नमुन्यावरून बेतून शिवलेल्या गोधडीपेक्षा त्यांना याचं अप्रूप जास्त.

आणखी एक प्रकार आहे ‘लेझी गॅल’, आळशी पोर. नुसत्या उभ्या लांब पट्ट्या, शिवायला सगळ्यांत सोप्या. लोरेटा पेट्वे हिच्या अशा गोधड्या आज प्रसिद्ध आहेत. तिने स्वच्छ सांगितलं आहे की मला शिवायची हौस नव्हती. शेत, डुकरं, घर सांभाळून पोरांना पांघरूण हवं म्हणून शिवलं. पण तिच्या त्या ‘आळशी’ पट्ट्या पाहाव्यात. जुन्या कामाच्या कपड्यांचे निळे-करडे पट्टे इतक्या तोलाने बसवले आहेत की त्यातली एक इकडची तिकडे करायची म्हटलं तर हात धजणार नाही. कलेसाठी आवड लागते, निवांतपणा लागतो, असं आपण सहज बोलून जातो. लोरेटापाशी दोन्ही नव्हतं.

नदीवरची तर बंद झाली तेव्हा

साठच्या दशकात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची चळवळ इथवर पोचली. मतदार यादीत नाव घालायचं तर नदीपलीकडे कॅम्डेनला जायचं, आणि जायची सोय म्हणजे तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी नाव. 1962 मध्ये ती तरच बंद करण्यात आली. जे अंतर मिनिटांचं होतं त्याला रस्त्याने तासाहून अधिक वळसा पडू लागला. डॉक्टर, दुकान, कचेरी, सगळं त्या पलीकडच्या तीरावर. ही तर पुन्हा सुरू व्हायला 2006 साल उजाडलं. 44 वर्षं.

1965 च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग जीज बेंडला येऊन गेले. मत द्यायला निघालेल्या अनेकांना मालकांनी घराबाहेर काढलं, कामावरून कमी केलं. 1966 मध्ये फ्रान्सिस वॉल्टर या पाद्र्याच्या मदतीने इथल्या आणि शेजारच्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्कला लिलावात गेल्या, मोठ्या दुकानांत गेल्या. अनेकींच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला.

पण दुकानांना एकसारखा माल हवा होता. ठरलेलं माप, ठरलेली नक्षी, पहिल्यासारखाच दहावा नग. ज्यांची सारी खुबी दोन गोधड्या एकसारख्या न करण्यात, त्यांच्याकडून हे करून घेतलं गेलं. पैशाची निकड होती, बायकांनी ते केलं, आणि घरासाठी मात्र आपल्या रीतीने शिवत राहिल्या. 1972 मध्ये सिअर्स कंपनीने कॉर्डुरॉयच्या, म्हणजे उभ्या रेघांच्या जाड मऊ कापडाच्या, उशांच्या अभ्र्यांचं काम दिलं तेव्हा उरलेली कापडं घरोघर आली. म्हणून सत्तरच्या दशकातल्या गोधड्यांत एकदम सोनेरी, गंजाचा, गर्द हिरवा असा कॉर्डुरॉय दिसू लागतो. कारखान्याचं उरलंसुरलं इथे येऊन मखमलीसारखं उजळलं.

भिंतीवर टांगणं म्हणजे नेमकं काय?

गोधडी पलंगावर असते तेव्हा आपण तिला जवळून आणि आडवी पाहतो, तिच्या घड्या पाहतो, ऊब पाहतो. उभी करून दहा पावलं मागे गेलं की ऊब मागे पडते आणि रंग, रेषा, तोल पुढे येतो. न्यूयॉर्कमधल्या बऱ्याच प्रेक्षकांना जीज बेंडच्या गोधड्यांसमोर विसाव्या शतकातले अमूर्त चित्रकार आठवले. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने तर अमेरिकेने घडवलेल्या आधुनिक कलेतल्या सर्वांत अद्भुत कृतींमध्ये त्यांची गणना केली. अमूर्त म्हणजे ज्यात झाड, माणूस, घर असं काही दाखवायचं नसतं, रंग आणि आकारच बोलतात. आपल्याकडे गायतोंडेंच्या चित्रापुढे उभं राहिलेल्याला हा अनुभव ठाऊक असेल.

या कौतुकात एक खाच मात्र आहे. ‘अगदी मातीससारखं’, म्हणजे त्या नामांकित फ्रेंच चित्रकारासारखं, म्हटलं की मोजपट्टी मातीसची राहते आणि बाईचं काम त्या पट्टीला उतरलं म्हणून मोठं ठरतं. या बायकांनी त्या चित्रकारांचं काही पाहून हे केलं नव्हतं. त्यांची तालीम वेगळी होती. आई, मावशी, आजी, भिंतीवरच्या वर्तमानपत्रांचे चौकोन, वळचणीला वाळत घातलेल्या गोधड्या. थंडी सरली की त्या उन्हात टाकायच्या, आणि गावातल्या बाकीच्या बायका रस्त्याने जाता जाता निरखून पाहायच्या. मला तर वाटतं, जीज बेंडचं पहिलं प्रदर्शन त्या दोरीवरच भरत होतं.

व्हिटनीने गोधड्या टांगल्या त्या 2002 मध्ये पहिल्यांदा नव्हेत. 1971 मध्येही तिथे अमेरिकन गोधड्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. तेव्हाही लोकांना अमूर्त चित्रं आठवली, तेव्हाही वाहवा झाली. पण ती शिवणाऱ्या बायका बहुतेक निनावी राहिल्या. नक्षी कळली, नाव नाही. त्याच सुमाराला, 1970 मध्ये, चित्रकार फेथ रिंगगोल्ड आणि तिच्या सहकारी याच संग्रहालयाच्या दारात निदर्शनं करत होत्या की प्रदर्शनात निम्म्या बायका हव्यात. त्या वर्षीच्या शिल्पप्रदर्शनात बेट्ये सार आणि बार्बरा चेस-रिबू या दोन कृष्णवर्णीय बायकांना जागा मिळाली. कृष्णवर्णीय बाईचं एकटीचं प्रदर्शन तिथे पहिल्यांदा भरलं ते 1972 मध्ये, अल्मा थॉमसचं.

2002 च्या प्रदर्शनाचं मोल मला यात दिसतं. प्रत्येक गोधडीखाली नाव होतं, जन्मसाल होतं. लुटिशा पेट्वे. ॲनी मे यंग. मेरी ली बेंडॉल्फ. ‘अलाबामाची लोककला, कारागीर अज्ञात’ असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. ते केलं नाही. आणि यातल्या अनेक बायका उद्घाटनाला स्वतः गेल्या. लुइझियाना बेंडॉल्फ, म्हणजे मेरी लीची सून, हिने शिवण सोडून दिलं होतं. ह्यूस्टनचं प्रदर्शन पाहून परतताना तिच्या डोळ्यांपुढे नव्या गोधड्या दिसू लागल्या आणि घरी येऊन तिने पुन्हा सुई हातात घेतली.

पैसा कुणाचा, नक्षी कुणाची

हा भाग टाळून पुढे जाणं बरोबर नाही. गोधड्या बाहेर आणल्या त्या विल्यम आर्नेट या अटलांटाच्या संग्राहकाने. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्याने एका पुस्तकात फोटो पाहिला: लाकडांच्या ढिगावर टाकलेली ॲनी मे यंगची कामाच्या कपड्यांची गोधडी. तो शोधत गावात आला. गावात जुन्या गोधड्यांना तोवर काही मोल नव्हतं. डास पळवायला धूर करावा म्हणून त्या जाळतही असत. त्याने हजारो डॉलर मोजले. मग शेकडो गोधड्या घेतल्या, प्रदर्शनं घडवली, पुस्तकं काढली. 2006 मध्ये टपाल खात्याने दहा गोधड्यांची तिकिटं काढली. चटया, चादरी, डायऱ्या निघाल्या.

2007 मध्ये ॲनी मे यंग, लोरेटा पेट्वे आणि आणखी एकीने आर्नेट कुटुंबाविरुद्ध दावे लावले. आमच्या कामावरच्या कमाईतला योग्य वाटा आम्हाला मिळाला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आर्नेट कुटुंबाने आरोप नाकारले. 2008 मध्ये तडजोड झाली. अटी जाहीर झाल्या नाहीत.

भांडणाच्या मुळाशी जो फरक आहे तो सोपा आहे, पण भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. गोधडी विकत घेणं वेगळं आणि तिच्या नक्षीचा हक्क मिळणं वेगळं. आपण पुस्तक विकत घेतो म्हणून ते छापून विकायचा हक्क आपल्याला मिळत नाही, तसंच हे. कापड ज्याच्या कपाटात आहे तो कापडाचा धनी. पण त्या आकृतीची चटई काढायची तर जिने ती आकृती जुळवली तिची परवानगी आणि तिचा वाटा हवा. पुढे आर्नेटच्या संग्रहातून ‘सोल्स ग्रोन डीप’ ही संस्था 2010 मध्ये उभी राहिली, तिने गोधड्या मोठ्या संग्रहालयांत पोचवल्या, आणि या बायकांचे नक्षीचे हक्क सांभाळण्याची व्यवस्था झाली. 2021 पासून गावातल्या बायका स्वतःच्या नावाने ऑनलाइन दुकानं चालवतात आणि किंमत त्या स्वतः ठरवतात.

हे किती उशिरा आलं ते हॅरिएट पॉवर्सच्या गोष्टीवरून कळतं. जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मलेली ही बाई. 1886 च्या एका जत्रेत तिने बायबलच्या कथा चितारलेली गोधडी मांडली. एका चित्रकला शिक्षिकेने मागितली, हॅरिएटने कोणत्याही किमतीला नाही म्हटलं. चार-पाच वर्षांनी हातातोंडाची गाठ पडेना तेव्हा ती स्वतःच घेऊन आली. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. नंतर ती त्या बाईच्या घरी पुन्हा पुन्हा जात राहिली, आपली गोधडी पाहायला. ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

थोडं आपल्या जवळचं

आफ्रिकन वंशाच्या बायकांच्या गोधड्या पाहायला अलाबामालाच जायला हवं असं नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम, जे पळून घाट चढून जंगलात गेले. त्यांची बोली कोकणीच्या अंगाने जाते. त्या बायका ‘कवंदी’ शिवतात. काठापासून सुरुवात करून फेऱ्या घालत आत आत मध्यापर्यंत, म्हणजे हाउसटॉपच्या अगदी उलट. कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फूल म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. या दोघींनी एकमेकींचं काही पाहिलेलं नाही. पण जुन्या कपड्याला दुसरा जन्म देताना दोघींचा हात कसा चालतो हे शेजारी शेजारी ठेवून पाहावं.

आणि जीज बेंडच्या गोधड्यांचे फोटो संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पाहाल, तेव्हा एक करा. आधी पूर्ण गोधडी पाहा आणि मग फोटो मोठा करत जा. कामाच्या कपड्यांच्या गोधडीत विटलेल्या निळ्या कापडावर मधेच एक गडद चौकोन दिसतो. कुणी रंगवलेला नाही तो. तिथे खिसा होता. खिसा उसवून काढला, आणि त्याच्याखालच्या कापडाला इतकी वर्षं ऊन लागलेलं नव्हतं.